अक्रोड जळतो ते दृश्य

बोलोन्या, ९ एप्रिल २०१५

ओरेस्तेमामा,

नमस्कार. आधी ओळख पटवून देते, कारण दोन वर्षांपूर्वी आईच्या पन्नाशीच्या जेवणाला आपण भेटलो तेव्हा तुम्ही मला तीनदा विचारलंत, "तू कुणाची गं?" मी फुल्विया. तुमच्या बहिणीची, नीवेसची, नात. तुम्ही खरे माझ्या आईचे मामा, पण आमच्या घरात लहानथोर सगळे तुम्हाला मामाच म्हणतात, तेव्हा मीही.

फोन केला असता. पण आई म्हणाली, फोन उचलून तुम्ही "हो हो, सगळं ठीक" म्हणता आणि ठेवून देता, समोरचा काय बोलला ते तुम्हाला ऐकूच गेलेलं नसतं. म्हणून हे पत्र.

माझ्या नवऱ्याला, दारिओला, एक खूळ आहे. जुन्या सिनेमांचं चित्रीकरण जिथं झालं त्या जागा तो शोधत फिरतो. आमची सगळी सुट्टी कुठल्या तरी पुलाखाली नाहीतर पडक्या गोठ्यासमोर जाते. गेल्या महिन्यात इथल्या सिनेमा क्लबमध्ये अठ्ठावन्न सालचा एक सिनेमा दाखवला, 'तीन टेकड्यांची जमीन'. तेव्हा तो साफ पडला होता म्हणे, कोणी पाहिलाच नाही. आता कुठल्याशा तळघरात प्रत सापडली, ती धुऊनपुसून दाखवली. शेवटी नावं आली त्यात लिहिलं होतं : "मोंतेरिवा गावाच्या लोकांचे आभार." मी खुर्चीतून उठलेच. म्हटलं, हे तर आजीचं गाव!

त्यात एक दृश्य आहे. जमीनदाराची माणसं एका कुळाच्या अंगणातलं अक्रोडाचं झाड पेटवतात. भलं मोठं झाड, आणि खरोखरचं जळतं. थिएटरात एक माणूस खोकला नाही. मागे दगडी घर आहे, बाहेरून जिना असलेलं. दारिओला ते घर हवं आहे. आम्ही अठरा-एकोणीसला, शनिवार-रविवार, तिकडे येतोय. ते घर कुठं आहे?

आजीला विचारलं. ती म्हणाली, "मला काय ठाऊक? त्या वर्षी मी आस्कोलीला होते, नन्सच्या शाळेत शिवण शिकत." आणि रस्सा बघायला उठली. रस्सा तिने दोन मिनिटांपूर्वीच बघितला होता.

तुम्ही तेव्हा एकोणीस वर्षांचे असाल. तुम्हाला नक्की आठवत असेल. जमलं तर दुपारी तुमच्याकडे जेवायलाच येऊ. येताना काय आणू?

तुमची,
फुल्विया


मोंतेरिवा, १३ एप्रिल

पोरी,

पस्तीस वर्षं मी या डोंगरात लोकांची पत्रं वाटली, आणि माझ्या दाराशी येतात ती विजेची बिलं आणि चष्म्यांच्या जाहिराती. तुझं पाकीट बघून नवी पोस्टमनबाई पण थबकली. म्हणाली (म्हणजे ओरडली), "ओरेस्ते, प्रेमपत्र आलंय!"

आठवतंय का विचारतेस? काल काय जेवलो ते विचारू नकोस. पण ते सहा दिवस मला तास न् तास आठवतात.

ऑक्टोबर संपता संपता आले ते. तीन ट्रक आणि एक काळी मोटार. दिग्दर्शक हा एवढासा माणूस, कायम सर्दी झालेला, कोटाच्या आत गरम पाण्याची पिशवी ठेवायचा आणि तिला थोपटत थोपटत हुकूम सोडायचा. पहिल्याच दिवशी त्याला आमच्या शेळ्या मळकट वाटल्या. "या धुवा," म्हणाला. शेळ्या धुतल्या. वारा सुटला. शेळ्या शिंकायला लागल्या. आता शिंकणारी शेळी सिनेमात कशी चालेल? मग म्हणाला, "वाळवा." दहा बायका टॉवेल घेऊन शेळ्यांच्या मागे! आमचे पाद्रीबुवा चिडले होते, कारण त्यांना मिरवणुकीच्या दृश्यात दुसऱ्या ओळीत उभं केलं. मग काय, कॅमेरा सुरू झाला की चर्चची घंटा सुरू, विचारलं तर म्हणायचे, बिघडलीय. शेवटी त्यांना पहिल्या ओळीत घेतलं तेव्हा घंटा आपोआप बरी झाली.

नायिका मिलानची होती. उबाल्दोच्या बापाच्या बारसमोर बसून तिने सूप प्यायलं आणि "यात मीठ नाही" म्हणाली. गावाने ते वाक्य वर्षभर चघळलं.

मी? मी काय, मी लांबून बघत होतो. बघण्यासारखं होतं म्हणून बघत होतो.

तर जागा लिहून घे. पूल म्हणजे गिरणीखालचा. बायका कपडे धुतात ती जागा चर्चच्या मागे. लग्नाची मिरवणूक आमच्याच चौकात. ते झाडाचं दृश्य मात्र इथलं नाही. ते कास्तेलार्सोला केलं, चौदा किलोमीटर पलीकडे. तिथं जा, वरच्या वस्तीत बाहेरून जिन्याचं घर आहे, कोणीही दाखवील.

जेवायचं म्हणशील तर त्या दोन दिवशी मी नाही. मित्राकडे द्राक्षाचे वेल बांधायला जायचं आहे, शब्द दिलाय. उबाल्दोच्या बारमध्ये जेवा. त्याची बायको भरलेली ऑलिव्ह तळते, तशी आस्कोलीतही मिळत नाहीत.

आजीला माझा नमस्कार सांग. हे सिनेमाचं वगैरे तिच्याजवळ फार काढत बसू नकोस. तिला त्यात काय रस?

ओरेस्तेमामा


बोलोन्या, २१ एप्रिल

ओरेस्तेमामा,

आमचा शनिवार-रविवार कसा गेला ते सगळं सांगते, म्हणजे मी जे शेवटी विचारणार आहे ते तुम्हाला नीट कळेल.

पूल मिळाला. त्याच्या तोंडाशी आता पेट्रोल पंप आहे, त्यामुळे नायक जिथं नायिकेचा निरोप घेतो तिथं गाड्यांच्या चाकांत हवा भरतात. दारिओने मला तिथं उभं केलं आणि म्हणाला, "दुःखी दिस." मागून एक ट्रकवाला ओरडला, "बाई, तो जाईना का, मी आहे!"

उबाल्दोच्या बारमध्ये नवरा-बायकोचं भांडण ऐकत जेवलो. उबाल्दो म्हणाला, "याच बाकावर ती नटी बसली होती." इयोलांदाबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "ते बाक सत्तर सालचं आहे! माझ्या बापाने आणलंय!"

"बाक नवं असेल, जागा तीच आहे!"

"मग बसली कशावर, जागेवर?"

ऑलिव्हबद्दल तुम्ही सांगितलंत ते खरं आहे. आम्ही तीन बश्या खाल्ल्या. पण तिथं एक गंमत झाली. मी सहज म्हटलं की आता कास्तेलार्सोला झाड बघायला जाणार, तर दोघांचं भांडण तिथंच थांबलं. उबाल्दो म्हणाला, "कास्तेलार्सोला? असं ओरेस्तेने सांगितलं का? मग जा." आणि आधीच पुसलेला पेला पुन्हा पुसायला लागला.

गेलो. वरच्या वस्तीत जिन्याचं घर होतं. जिन्यावर सेत्तिमिया नावाच्या नव्वदीच्या आजी शेंगा सोलत होत्या. दारिओने सिनेमातलं चित्र छापून आणलं होतं, ते त्यांना दाखवलं. त्या म्हणाल्या, "इथं सिनेमा? बाबा रे, इथं वीजसुद्धा बासष्टला आली."

दारिओ दातांचे साचे बनवतो, तुम्हाला माहीत आहे. एक दाढ दिली तर तो अख्खा जबडा सांगतो. त्याने ते चित्र डोळ्यांसमोर धरलं आणि डोंगराच्या रेषेशी जुळवून बघितलं. "जुळत नाही," म्हणाला. "चित्रात मोठा डोंगर झाडाच्या डावीकडे आहे आणि त्याच्या खांद्याला खाच आहे. इथून तो सरळ समोर दिसतो, खाच नाहीच. आपल्याला नैर्ऋत्येला जायला हवं." रविवारी सकाळपासून आम्ही दर वळणावर गाडी थांबवत होतो. तो चित्र धरायचा, मान हलवायचा, पुढे. अकरा वाजता मोंतेरिवाच्या वर तीन किलोमीटरवर, एका कच्च्या रस्त्याच्या टोकाला, खाच जागेवर आली.

मामा, ते घर तुमचं आहे. आजीचं माहेर. मी ते कधी पाहिलं नव्हतं, पण आजीच्या कपाटावर तुमचा दोघांचा लहानपणीचा फोटो आहे. तोच जिना, तिसरी पायरी फुटलेली. अंगणात कमरेएवढा काळा बुंधा आहे, आतून पोकळ. बोट लावलं तर अजून काळं होतं.

मग आम्ही तुमच्या गावातल्या घरी आलो. तुम्ही नाही हे माहीत होतं, निदान शेजारी निरोप ठेवावा म्हणून. तुमची तीनचाकी दारात होती. शेजारच्या पिएरिनाबाई म्हणाल्या, "घरातच आहे की! आत्ता तर खिडकीत होता. जोरात ठोक, बहिरा आहे." मी जोरात ठोकलं. पडदा हलला, मामा. मी पाहिला.

रागावले नाही. तांदळाचा केक पायरीवर ठेवून आले. पण डोक्यातून जात नाही. स्वतःच्या घराचा पत्ता कोणी का लपवावा? आजीलाही काही विचारलेलं नाही, आधी तुम्हाला विचारते आहे.

फुल्विया


मोंतेरिवा, २ मे

फुल्विया,

केक चांगला होता. साखर जरा जास्त.

अकरा दिवस लिहायला बसतो आणि उठतो आहे. मी खिडकीत होतो. तू दार ठोकलंस ते ऐकू आलं नाही, पण दार हललेलं दिसलं. लाज वाटली. शहात्तर वर्षांचा माणूस पडद्यामागे उभा. आता सांगून टाकतो.

आमची आई छप्पन्न साली गेली. बाबा बेल्जियमला कोळशाच्या खाणीत होते, वर्षातून एकदा नाताळला यायचे. नीवेस सोळा वर्षांची, सोमवार ते शनिवार आस्कोलीला नन्सकडे. घरात मी, चार शेळ्या आणि ते अक्रोडाचं झाड. झाड माझ्या पणज्याने लावलेलं. बाबांनी ठरवलं होतं की नीवेसच्या लग्नात त्याच झाडाचा पलंग आणि त्याच झाडाची कपड्यांची पेटी करायची. आमच्याकडे मुलीला देण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. गावात सगळ्यांना ठाऊक होतं : ते नीवेसचं झाड.

सिनेमावाले घर बघायला आले. एक माणूस वहीत लिहीत होता. त्याने विचारलं, "हे कुणाचं?"

"आमचं."

"वडील?"

"बेल्जियमला."

"मग घरचा कर्ता कोण?"

मला असं कोणी कधी विचारलं नव्हतं, पोरी. मी म्हटलं, "मी."

मग तो सर्दीवाला आला. माझ्या तोंडाकडे बघत राहिला. हनुवटी धरून इकडे वळवली, तिकडे वळवली, शेळीसारखी. म्हणाला, "याच्या हातात मशाल द्या." म्हणजे जमीनदाराच्या माणसांपैकी एक मी! सगळ्यांच्या पुढे!

आधी ठरलं होतं की झाडाला काही करायचं नाही. ओल्या गवताचा धूर करायचा आणि कॅमेऱ्याला आग वाटेल असं बघायचं. चार दिवस तेच केलं. पाचव्या दिवशी तो म्हणाला, "धूर धुरासारखाच दिसतोय." मग माझ्याकडे वळला. "तू घरचा कर्ता ना? खरंच पेटवलं तर?"

सगळे माझ्याकडे बघत होते. तो, नटी, कॅमेरावाला, गावातले चाळीस जण. मी मान डोलावली. किती सोपं असतं गं मान डोलावणं.

बुंध्याच्या ढोलीत रॉकेल ओतलं. मशाल मी लावली. सिनेमात दिसतो तो मीच.

ट्रक गेले, तेव्हा मला कळलं मी काय केलंय. गावात मी एकेकाच्या पाया पडलो. सगळ्यांनीच सिनेमात काही ना काही केलं होतं, आईविना पोर म्हणून माझी कीवही होती, सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. अजून धरून आहेत, तू पाहिलंसच. नाताळला बाबा आले. कोट न काढताच बुंध्याभोवती फिरले. मग जेवताना म्हणाले, "वीज?"

मी म्हटलं, "वीज."

नीवेस समोरच होती. ती म्हणाली, "हो बाबा, त्या दिवशी गडगडाट आस्कोलीलाही ऐकू आला." मला वाटलं, देवाची कृपा, कुठंतरी खरंच गडगडलं असेल.

दोन वर्षांनी ती बोलोन्याला गेली, कुणाच्या तरी घरी कामाला. पलंग नाही, पेटी नाही, इथं कोण करणार तिच्याशी लग्न? तिकडे तुझ्या आजोबांशी, त्या ट्राम चालवणाऱ्या भल्या माणसाशी झालं, ठीकच झालं. पण माझ्यामुळे तिला परक्यांची फरशी पुसावी लागली. बाबांच्या अंत्यविधीला आली होती, त्यानंतर या गावात पाऊल नाही. मी तिकडे येतो, तुमच्या लग्नांना, बारशांना. आम्ही हवापाण्याचं बोलतो.

तिला अजून वाटतं वीज पडली. तसंच वाटू दे. एवढं माझं ऐक.

ओरेस्ते


बोलोन्या, ६ मे

मामा,

तुमचं पत्र मी ट्राममध्ये... नाही, बसमध्ये वाचलं, आणि दोन थांबे पुढे गेले. आजोबांनी ट्राम चालवली म्हणून माझ्या तोंडी अजून तोच शब्द येतो.

तुम्ही सांगितलंत तसं मी आजीला काही बोललेले नाही. पण तुम्हाला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि ती तुमच्या हक्काची आहे.

तुम्हाला मशाल धरलेलं बघायचं म्हणून दारिओने क्लबमधून सिनेमाची डीव्हीडी आणली. घरी लावली. तुम्ही दिसलात. किती देखणे होतात हो! दारिओने ते दृश्य हळूहळू पुढे सरकवलं, एकेक चित्र थांबवत. मी तुमच्याकडेच बघत होते. तो म्हणाला, "डावीकडे बघ. जिन्यावर."

जिन्याच्या मधल्या पायरीवर एक मुलगी उभी आहे. काळा झगा, पांढरी गोल कॉलर, हातात गाठोडं. बाकीचे सगळे कॅमेऱ्याला चुकवत अभिनय करतायत, ती मात्र नुसती झाडाकडे बघते आहे. मग दोन पायऱ्या उतरते आणि खाली बसते. चार सेकंद, त्याहून जास्त नाही. थिएटरात सगळे आगीकडे बघत होते, कुणाला दिसणार?

नन्सच्या शाळेतला आजीचा फोटो माझ्याकडे आहे. तीच कॉलर. तेच कपाळ. माझंही तेच आहे.

मामा, आजी तिथं होती. आस्कोलीला गडगडाट झाला नव्हता. ती तुमच्यासाठी खोटं बोलली.

का, ते मला कळत नाही. जीव कासावीस होतोय विचारायला, पण तुम्ही हो म्हणेपर्यंत विचारणार नाही. मात्र लवकर लिहा. आजी रविवारी जेवायला येते आणि मला तिच्या तोंडाकडे बघवत नाही.

फुल्विया


बोलोन्या, २४ मे

ओरेस्ते,

चार ओळींचं पत्र लिहिलंस, त्यातल्या दोन ओळी हवापाण्याच्या. उरलेल्या दोनांत : "नीवेस, वीज पडली नव्हती. तुला माहीत होतं का?"

होतं.

त्या गुरुवारी शाळेत गालगुंडाची साथ आली आणि नन्सनी आम्हाला घरी पाठवलं. मी खालच्या रस्त्याला बसमधून उतरले आणि मागच्या वाटेने चढून आले. धूर दिसला तेव्हा वाटलं घर पेटलंय. मी धावले. मागच्या दाराने आत, पुढच्या दाराने जिन्यावर, आणि समोर ते. कोणीतरी माझ्याकडे बघून "तिथंच उभी राहा, छान" असा हात केला. त्यांना वाटलं मी त्यांच्यातलीच.

मी तुला पाहिलं. मशाल घेऊन. तुझ्या चेहऱ्यावर काय होतं ते तुला माहीत नाही, मला माहीत आहे. आई गेल्यापासून दोन वर्षांत तू हसला नव्हतास. शेळ्यांना चारा घालायचास, भिंतीकडे बघत जेवायचास. रविवारी मी यायचे ती तू जिवंत आहेस का बघायला. आणि त्या दिवशी तू असा उभा होतास, जसा काही जग तुझ्यासाठीच मांडलंय. मी दोन पायऱ्या उतरले आणि खाली बसले. मग कोणाला न सांगता आले तशी परत गेले. आस्कोलीत एका मैत्रिणीकडे राहिले.

रडले का? हो. संबंध वाटभर. त्या झाडाखाली आई अक्रोडाची हिरवी सालं काढायची, तिची बोटं महिनाभर काळी असायची. ते झाड गेलं याचं मला वाईट वाटलं, आणि नाही वाटलं असं मी तुझ्या समाधानासाठी म्हणणार नाही. पण ते आईचं म्हणून. पलंगासाठी नाही.

पलंगाचं आता ऐक. बाबांनी मला न विचारता गिरणीवाल्याच्या ग्वेर्रिनोला शब्द दिला होता. तुला ठाऊक नव्हतं, कारण तुला कोणी काही सांगायचं नाही. ग्वेर्रिनो वाईट नव्हता. पण तो जेवताना मोजून घास घ्यायचा आणि माझ्याकडे बघून म्हणायचा, "हिचे हात कामाचे आहेत." मी रात्रंदिवस सुटका शोधत होते. आस्कोलीला पोचेपर्यंत माझ्या ध्यानात आलं : झाड नाही तर पलंग नाही, पलंग नाही तर त्याची आई मला दारात उभं करणार नाही. ओरेस्ते, मी रडता रडता हसायला लागले. शेजारच्या बाईने मला वेडी समजून एक संत्रं दिलं.

म्हणून नाताळला मी तो गडगडाट ऐकला. तुला वाचवायला, हो. पण मलाही वाचायचं होतं. वीज म्हणजे देवाची मर्जी, तिथं बाबांनी हात टेकले. खरं कळलं असतं तर बाबा तुला झोडपून दुसरं झाड विकत आणायला खाणीत आणखी राबले असते, आणि मी ग्वेर्रिनोच्या गिरणीत पीठ चाळत बसले असते. परक्यांची फरशी पुसली म्हणून तू हळहळतोस, असं फुल्वियाच्या तोंडून मी आज काढून घेतलं. (तिला रागावू नकोस. तिने शब्द पाळला, दोन आठवडे. पण त्या पोरीला तोंडावर काही लपवता येत नाही, तिसऱ्या रविवारी मीच विचारलं.) अरे, ती फरशी पुसून झाली की मी संध्याकाळी बाहेर पडायचे, एकटी, आणि कोणी विचारायचं नाही कुठं चाललीस. मला ते दिवस कोणी परत दिले तर मी आजही पुसायला बसेन.

मग गावाला का आले नाही? कारण मी पळाले, आणि तुला बाबांजवळ ठेवून पळाले. ते खाणीतून आजारी होऊन परतल्यावर तेरा वर्षं तू त्यांचं खोकणं ऐकलंस. त्यांना खाऊ घातलंस, उठवलंस, बसवलंस. मी पोस्टाने मोजे पाठवले. बारशा-लग्नात भेटलास की तू हवेबद्दल बोलायचास, आणि मी समजायचे, याच्या मनातून राग जात नाही.

दोघंही मूर्ख. सत्तावन्न वर्षं.

फुल्विया म्हणते, आजी, सिनेमा बघ, लावून देते. मी म्हटलं, मला नको, मी तो समोर बसून पाहिलाय.

शनिवारी, तेरा जूनला, दारिओ मला सोडतो आहे. माझ्यासाठी काही खास करू नकोस. आणि माफीबिफी मागू लागलास तर मी त्याच गाडीने परत फिरेन.

नीवेस


मोंतेरिवा, २३ जून

पोरी,

तुझी आजी ठीक आहे. दोन दिवसांसाठी आली होती, आज दहा झाले. माझ्या खोलीत झोपते आणि मी स्वयंपाकघरात खाटेवर. माझी सगळी भांडी तिने दुसऱ्या फळीवर लावली आहेत, आता मला कॉफीचं भांडं सापडत नाही.

पहिल्या दिवशी गाडीतून उतरली ती म्हणाली, "म्हातारा झालास." मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिने दारिओला हाक मारली, "गाडी वळव रे!" मग मी तोंड मिटलं.

वरच्या घरी गेलो. ती जिना चढली, फुटकी पायरी न बघता ओलांडली. बुंध्याजवळ गेली. मला वाटलं आता काही बोलेल. तिने हातरुमाल पसरला, त्यावर बसली आणि म्हणाली, "भूक लागली." आम्ही तिथंच सॉसेज आणि पाव खाल्ला. दारिओ फोटो काढत होता. तो आम्हाला डोंगराच्या खाचेशी जुळवत होता, "मामा, थोडे डावीकडे!" आजी म्हणाली, "एकदा कोणीतरी याच अंगणात याला असं हलवलं होतं, बघ काय झालं." मला ऐकू आलं नाही, दारिओने कागदावर लिहून दाखवलं. मी इतका हसलो की पाव घशात अडकला.

गावात बातमी पसरली आहे. उबाल्दो विचारत होता, नीवेसबाईंचा एक फोटो बारमध्ये लावू का, नटीशेजारी. इयोलांदा म्हणते, नटीचा काढा आणि हिचा लावा.

आता तुला लिहायचं कारण. तुला माझ्याबद्दल कुतूहल होतं, तर हे तुलाच सांगतो. ते सहा दिवस माझ्या आयुष्यातले सर्वात सुंदर दिवस होते. लोक सैन्यातल्या गोष्टी सांगतात, बायकोशी भेट कशी झाली ते सांगतात. माझ्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट होती आणि ती सांगायची सोय नव्हती. गावात सगळे होते, पण मला लाज वाटू नये म्हणून कोणी तो विषयच काढायचं नाही. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा शेळ्यांचं लिहिता लिहिता माझं पेन थांबतच नव्हतं.

नीवेस दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी चिरत बसली. म्हणाली, म्हणजे कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "काय काय झालं सांग." मी म्हटलं, काय सांगू, तू पाहिलंस की. तिने लिहिलं, "मी चार सेकंद पाहिलं. बाकीचं?"

मग सांगितलं. ट्रक आले तिथपासून. सर्दीवाला, त्याची पिशवी, घंटा, सूप. मशाल किती जड होती. डांबर मनगटावर गळायचं, त्याचा डाग अजून आहे, तो दाखवला. दिग्दर्शक शेवटच्या दिवशी माझा हात हातात घेऊन काय म्हणाला तेही सांगितलं. ते मी तुला लिहिणार नाही. ते तिला सांगितलंय. दुपार झाली, भाजी तशीच राहिली, आम्ही पाव आणि चीज खाल्लं.

वाटलं, झालं. एकदा सांगून झालं. पण आज सकाळी कॉफीबरोबर तिने पुन्हा कागद पुढे सरकवला. लिहिलं होतं, "पहिल्यापासून. आणि या वेळी शेळ्यांची नावं पण सांग."

ओरेस्तेमामा